गोफणीवर शिकलेला कुत्रा

मोठेबाबांनी ते पिल्लू सानगडीपर्यंत मोटारीत मांडीवर आणि तिथून पुढे सायकलच्या हँडलला टांगलेल्या पिशवीतून आणलं. पिशवीबाहेर नुसतं डोकं होतं, काळंभोर, आणि दोन्ही कान खाली लोंबलेले. आमच्या गावच्या कुत्र्यांचे कान उभे, शेपट्या वळलेल्या. हे कान पडलेलं, जाडजूड पायांचं ध्यान पाहून माय दारातच म्हणाली, हे आजारी दिसते. झालं, मोठेबाबांना राग आला. ते माझ्या बाबांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. त्यांनी आणलेल्या वस्तूला कोणी नाव ठेवलेलं त्यांना खपायचं नाही, मग ती कुऱ्हाड असो की कुत्रा. हे आजारी नाही, विलायती आहे, असं त्यांनी अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तुमसरकडे मँगनीजच्या खाणीवर कोणी एक साहेब होता, त्याच्या कुत्रीचं हे पिल्लू. पाण्यात पडलेलं पाखरू तोंडात धरून आणायचं, हाच म्हणे तिच्या जातीचा धंदा. एवढं सांगून होईपर्यंत पिल्लानं आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, मुतून ठेवलं होतं, आणि ते पुसायला अर्थातच मला बोलावण्यात आलं.

साहेबानं त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. ते मोठेबाबांना दोन दिवस आठवलं, मग तेही विसरले. आमच्याकडे काळ्याला कारा म्हणतात, म्हणून तो काऱ्या झाला. घरात आम्ही चौघंच. मोठेबाबांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. बाबा दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. ते इतकं कमी बोलायचे की पाहुण्यांना ते घरी नाहीत असंच वाटायचं. माय चुलीपाशी. आणि मी, वच्छला. शाळा संपली होती, लग्न ठरायचं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या लेखी मी रिकामी होते. रिकाम्या माणसाला घरात किती कामं असतात ते फक्त रिकाम्या माणसालाच माहीत. काऱ्याचं खाणंपिणं माझ्याकडे आलं ते असंच. सकाळी भाताची पेज, त्यात सुक्या झिंग्यांचा चुरा. दुपारी जे उरेल ते. संध्याकाळी मायच्या नकळत चोरून एक भाकर. मायनं पहिल्या दिवशी, ह्याले मी भात नाही घालत, असं जाहीर केलं होतं, आणि आठवडा झाला नसेल तर ती चुलीशी बसून त्याच्याशी गप्पा मारायला लागली. तो पेज प्यायचा तेव्हा जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, थाळीचा सपरीभर खडखडाट व्हायचा, थाळी ढकलत ढकलत तो अंगणापर्यंत जायचा. तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

कुत्रा कशासाठी हवा होता तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आजच्या माणसाला हे सगळं खुळेपणाचं वाटेल. गावामागे आमचा तलाव. हिवाळ्यात त्याच्यावर बदकं उतरायची, अडई, नकटे, आणि लांबून आलेली कितीतरी. मोठेबाबांकडे परवान्याची एकनळी बंदूक होती आणि त्यांचा नेम खरोखर चांगला होता. पण पडलेलं पाखरू मधल्या कमळांत पडायचं. तिथं माणूस जायचा नाही, कमळाचे देठ पायात गुंतले की पोहणाराही अडकतो. मग घारी यायच्या आणि आमच्या डोळ्यांदेखत पाखरू उचलून न्यायच्या. मांस गेल्याचं मोठेबाबांना फार वाटत नसे. पाडलं ते उचलता आलं नाही, हे त्यांना लागायचं. त्या दिवशी ते जेवताना बोलायचे नाहीत. आता बंदुका गेल्या, कायदा आला, आणि बरंच झालं. माझा नातू त्याच तलावावर लांब नळीचा कॅमेरा घेऊन जातो आणि पाखरू न पाडता घरी आणतो. पण तेव्हा तसं होतं, आणि मी माझ्या घरच्या माणसांची आज माफी मागत बसणार नाही.

मोठेबाबांचे एक मित्र होते, नागपूरचे वकीलसाहेब. दर मार्गशीर्षात शिकारीला यायचे. आदल्या वर्षी त्यांच्यासमोरच घारीनं नकटा नेला होता आणि ते पोट धरून हसले होते. मोठेबाबांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं की पुढच्या वर्षी या, माझा कुत्रा आणून देईल. कुत्र्याचा तोवर पत्ताही नव्हता. आता कुत्रा आला, तर मार्गशीर्षापर्यंत त्याला तयार करणं भाग होतं. होळी नुकतीच झाली होती, वेळ भरपूर होता. मोठेबाबा रोज सकाळी काऱ्याला अंगणात घ्यायचे, जुनी चप्पल फेकायचे आणि ओरडायचे. काऱ्या चप्पल घेऊन सरळ तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगामागे जायचा आणि बसून चावायचा. मोठेबाबा मागे, काऱ्या पुढे, ढिगाभोवती प्रदक्षिणा. बाबा एकदा बैल सोडता सोडता थांबून हे पाहत राहिले आणि हसले, तोवरचं तेवढंच मला त्यांचं हसणं आठवतं. शेवटी मोठेबाबांनी हात टेकले. सपरीत बसून मायला म्हणाले की वकीलसाहेब येईपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर हे जनावर खाणीवरच्या साहेबाला वापस. घरात फुकट खाणारा नको. मी तिथंच तांदूळ निवडत होते. काऱ्या माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला होता. मी मनात म्हटलं, पाहते कसा वापस जाते तो.

मला कुत्र्याचं काही ज्ञान नव्हतं. मला गोफण येत होती. धान लोंबीवर आलं की पोपटांचे थवे उतरतात, त्यांना हाकलायला मचाणावर बसावं लागतं, आणि ते काम लहानपणापासून माझं. आमच्या भागात धानाच्या बांधीत दगड सापडत नाही, म्हणून आम्ही काळ्या मातीच्या गोळ्या वळून उन्हात वाळवायचो आणि त्या गोफणीतून मारायचो. अंबाडीची गोफण मी माझी मीच विणायची. शेपटाला मोकळा झुपका ठेवायचा, म्हणजे सोडताना बंदुकीसारखा फटाक आवाज निघतो आणि गोळी लागो न लागो, थवा उठतो. माझ्या गोफणीचा आवाज तलावापलीकडे जायचा. पोरीनं अशी गोफण मारू नये, खांदे रुंद होतात आणि स्थळं येत नाहीत, असं बायका मायला सांगायच्या. खांदे रुंद झालेच. स्थळंही आली.

अख्खा पावसाळा मी काऱ्यावर लावला. आधी तोंड. पाखरू आणायचं तर दातांनी फाडून चालत नाही, म्हणून मी त्याच्या तोंडात कोंबडीचं अंडं द्यायला सुरुवात केली. पहिली बरीच त्यानं फोडली आणि चाटून खाल्ली, आणि मायनं माझ्या सात पिढ्या काढल्या. मग मी अंडं कडक उकडून, वरून मिरचीचं पाणी लावून दिलं. एकदाच चावला. त्यानंतर तो अंडं असं धरायचा, जसं कोणी देवाचा दिवा घेऊन चाललं आहे, मान ताठ, डोळे समोर. मग पाखराची सवय. पांगाऱ्याचं हलकं लाकूड गोफणीत मावेल एवढं कापलं, त्याला मायच्या फाटक्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि आदल्या वर्षीच्या बदकांची पिसं शिवली. ते पाण्यावर तरंगायचं. आधी हातानं जवळ फेकायचं, काऱ्याला दाबून बसवायचं, थांब म्हणायचं, आणि मग, आण. आणलं की माझ्या तळहातावर ठेवायचं, ठेवल्याशिवाय अंग झटकायचं नाही. हे अंग झटकण्याचं शिकवायला सगळ्यात जास्त दिवस गेले. माझे कपडे कधी वाळलेच नाहीत त्या पावसाळ्यात, आणि मायला वाटायचं मला हिवताप होणार.

पाऊस सरला, धान लोंबीवर आलं, आणि मी मचाणावर गेले. काऱ्या अर्थातच बरोबर. आमची बांधी तलावाच्या पारीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागूनच. मचाणावरून एका बाजूला पिवळं धान आणि दुसऱ्या बाजूला पाणी दिसायचं. आता मी लाकडाचं पाखरू गोफणीतून तलावात दूर भिरकवायला लागले. फटाक आवाज, दूर पाण्यात थेंब उडायचे, काऱ्या पारीवरून उडी मारायचा. मोठा झाला होता तो, अंगावर चकाकी आली होती, आणि पोहताना शेपूट मागे सुकाणूसारखं धरायचा. एवढ्या लांबवर माझा आवाज वाऱ्यात जायचा नाही, म्हणून मी 'आण' म्हणणं हळूहळू सोडलं. गोफणीचा फटाका हाच हुकूम. तो कमळांत चुकला, की मी मातीची एक गोळी मारायची, ती जिथं पडेल तिथं तो वळायचा. मला वाटलं, काय सोपी युक्ती काढली आपण! बंदुकीच्या आवाजाचीही भीती मोडते, हुकूमही होतो. शेजारच्या बांधीत सीताबाई राखण करायची, म्हातारी, एका डोळ्यानं अधू. ती म्हणाली, वच्छे, हा कुत्रा आता तुह्या नवऱ्याहून तुहं जास्त ऐकंन. मी म्हटलं, नवरा येऊ तर दे. माझ्या युक्तीत केवढं मोठं भोक होतं ते त्या दिवशी सीताबाईला दिसलं नाही आणि मलाही नाही.

मार्गशीर्षात वकीलसाहेब आले. गोरे, गोल, हसरे, चांगले मनुष्य होते, आल्या आल्या मायच्या पाया पडायचे. मायनं चिन्नोरचा भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी आणि तांदळाचे वडे केले होते. चिन्नोरचा वास आळीभर पसरायचा, कोणाच्या घरी पाहुणा आहे हे त्यावरूनच कळायचं. जेवताना मोठेबाबांनी कुत्र्याची एवढी वाखाणणी केली की वाढताना मी वर पाहिलं नाही. त्यांनी काऱ्याला पावसाळ्यात फक्त माझ्यासोबत अंगणात पाहिलं होतं, तलावावर एकदाही नाही. वकीलसाहेब मिस्किलपणे म्हणाले की घारींना निमंत्रण गेलं आहे ना. मोठेबाबांनी हसून घेतलं, पण हात धुताना दारामागे मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वच्छे, आणंन ना तो?" एवढे मोठे मोठेबाबा, आणि विचारताना माझ्याकडे पाहत नव्हते. मी म्हटलं, आणंन. आणि मला खात्री होती.

शिकारीला बायका जात नाहीत. पण मचाणावर राखणीला मला कोणी अडवणार नव्हतं. लवकर येणारं हलकं धान कापून झालं होतं, चिन्नोर तेवढा उभा होता, आणि पोपट शेवटच्या लोंब्यांवर तुटून पडायचे. मी उजाडायच्या आत जाऊन बसले. पाण्यावर धुकं होतं. पारीच्या कोपऱ्यावर लव्हाळ्यात मोठेबाबा आणि वकीलसाहेब दबून बसलेले, मध्ये काऱ्या, सांगितल्याप्रमाणे दगडासारखा. अडयांचा थवा शीळ घालत आला, वळला, खाली आला, त्याच्या मागोमाग काही नकटे. मोठेबाबांची बंदूक वाजली, मग साहेबांची दुनळी. पाखरं पडली, टप टप, सगळी मधल्या कमळांत. आणि काऱ्या बसून राहिला. कान उभे करायचा प्रयत्न करत होता बिचारा, पण जागचा हलेना. मोठेबाबा त्याला ढकलत होते, आण म्हणत होते, अरे आण. तो त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

त्याच वेळी शेजारच्या बांधीत पोपट उतरले आणि सीताबाईनं गोफण मारली. फटाक.

काऱ्या उठला तो तलावाकडे पाठ करून. पारीवरून खाली, आमच्या बांधीतून, उभ्या चिन्नोरमधून धान तुडवत तो सीताबाईच्या बांधीत घुसला. मला मचाणावरून फक्त धान हलताना दिसत होतं, काळी शेपटी मध्येच वर यायची. जरा वेळानं तो परत आला, त्याच वाटेनं, मान ताठ करून, आणि मोठेबाबांच्या पुढे बसून त्यांच्या हातावर काहीतरी ठेवलं. मोठेबाबांनी ते उचलून पाहिलं. सीताबाईची मातीची गोळी होती. फुटलीही नव्हती. वकीलसाहेब असे हसले, असे हसले की लव्हाळं हललं. म्हणाले, व्वा पाटील, कुत्र्यानं शिकार आणली, आता हिची भाजी करा. मोठेबाबा हसले नाहीत. गोळी त्यांनी पाण्यात टाकली आणि काऱ्याकडे न पाहता म्हणाले, "उद्याच्या मोटारीनं हा वापस." शांतपणे म्हणाले. ते ओरडले असते तर मला एवढी भीती वाटली नसती. वर आभाळात घारी फिरायला लागल्या होत्या.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो सगळा माझ्याच डोक्याचा, की बाई, एवढं साधं तुला कसं सुचलं नाही? धानाच्या दिवसांत आमच्या गावात सकाळी गोफणीचा आवाज चारी दिशांनी येतो. त्याच्यावर कुत्रा शिकवायचा म्हणजे त्याला गावभर पळवायचा. पण मग वाटलं, तो चुकला कुठं? त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं, आणि गोळी फोडली नाही. मी सीताबाईला हाक मारून सांगितलं की थोडा वेळ गोफण ठेव, पोपट खाईनात का. ती म्हणाली, खाऊ दे, जा तू. मी पदर खोचला, मातीच्या गोळ्या ओटीत घेतल्या आणि मचाणावरून उतरून सरळ पारीवर जाऊन उभी राहिले, उघड्यावर, पाहुण्यांसमोर. मोठेबाबा मागं हो म्हणून हात करत होते. मी पाहिलं नाही. एक नकटा कमळांच्या कडेला उलटा तरंगत होता. मी गोफण फिरवली आणि गोळी त्याच्या बाजूला, हातभर अंतरावर, पाण्यात टाकली. फटाक.

काऱ्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, मग जिथं पाणी उडालं तिकडे, आणि अशी उडी टाकली की वकीलसाहेबांच्या अंगावर पाणी गेलं. नकटा तोंडात धरून तो पारीवर माझ्याकडे आला, माझ्या हातावर ठेवला, आणि मग अंग झटकलं. दुसरी गोळी, दुसरं पाखरू. तिसऱ्याच्या वर घार झेपावत होती, काऱ्या आधी पोचला. आता हसण्याचा आवाज बंद झाला होता. एक अडई मात्र जिवंत होती, पंख मोडलेला, कमळांच्या पानांखाली बुडी मारायची आणि भलतीकडेच निघायची. काऱ्याला ती दिसत नव्हती, मला पारीवरून दिसत होती. ती जिथं वर येईल तिथं मी गोळी मारायची, तो वळायचा, ती बुडायची. देठ त्याच्या पायात गुंतत होते, एकदा त्याचं डोकं पाण्याखाली गेलं. मी म्हणत होते, सोड रे बापा, ये वापस, पण हुकूम मागे घ्यायचं मी त्याला शिकवलंच नव्हतं. तो वर आला. तोंडात अडई होती. काठावर येऊन बसला तेव्हा थरथरत होता, आणि पाखरू माझ्या हातात देऊनही त्यानं बराच वेळ अंग झटकलं नाही. मी त्याच्या गळ्यात पडले. तेव्हाच मला रडू आलं, मोठ्यानं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

वकीलसाहेबांनी एकेका पाखराचे पंख उलगडून पाहिले. दाताची एकही खूण नव्हती. घरी येईपर्यंत ते तेच बोलत होते. मायनं पाखरं शिजवली, काळा मसाला घालून, आणि काऱ्याला पहिल्यांदा घराच्या आत चुलीजवळ बसून जेवण मिळालं. मी समजत होते की संकट टळलं. जेवण उरकताना वकीलसाहेब म्हणाले, पाटील, हा कुत्रा मला द्या, तुम्ही तर वापसच करून राहिले होते. आणि मोठेबाबा, ज्यांच्या घरातून पाहुण्यानं मागितलेली वस्तू कधी नाकारली गेली नव्हती, पान पुढे करत म्हणाले की घेऊन जा, तुमचाच आहे.

आमच्याकडे मोठी माणसं जेवत असताना पोरींनी बोलायचं नसतं. मी वाढायला उभी होते. हातातली डाळीची गंजी, म्हणजे पातेलं, मी खाली ठेवली आणि म्हटलं, "मोठेबाबा, काऱ्याले मी शिकवलं. मी नाई देत."

मायनं तोंडाला पदर लावला. मोठेबाबांचा चेहरा लाल झाला. त्यांचा दिलेला शब्द होता तो, आणि माझ्यासारख्या पोरीनं तो चारचौघांत मोडला होता. वकीलसाहेबांनीच हसून वेळ सावरली. म्हणाले, अगं, त्यात काय, गोफणच फिरवायची ना, आण इकडे, मी शिकतो. आम्ही सगळे अंगणात आलो. साहेबांनी धोतर वर खोचलं, गोळी घातली, दोन फेरे झकास दिले आणि सोडायच्या वेळी सोडलं नाही, उशिरा सोडलं. गोळी सुटली ती मागे. आमच्या घिनोचीवर, म्हणजे पाण्याच्या माठांच्या कट्ट्यावर, मधला मोठा माठ फुटला आणि सपरीभर पाणी झालं. फटाका ऐकून काऱ्या गेला, खापराचा एक तुकडा अलगद उचलून आणला, साहेबांच्या शेजारून गेला आणि माझ्या हातावर ठेवून बसला. बाबा मोठ्यानं हसले. हो, बाबा. वकीलसाहेब ओले पाय झटकत म्हणाले की मग असं करा पाटील, कुत्र्यासोबत पोरगीही द्या, माझा भाचा लग्नाचा आहे. ते थट्टेत म्हणाले. मोठेबाबांनी मात्र थट्टा घेतली नाही. त्यांनी काऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, माफी करा," ते म्हणाले. "मी शब्द देल्ला, पण कुत्रा माहा नव्हताच. तो वच्छीचा होय. ती जिथं जाईन तिथं तो जाईन."

मोठेबाबांनी शब्द मागे घेतलेला आम्ही कोणी तोवर पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही. वकीलसाहेबांना राग आला नाही, पुढेही ते येत राहिले, फक्त गोफणीला हात लावला नाही. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात मी मोठेबाबांसोबत पारीवर जात होते. गावात लोक बोलले असतील. मोठेबाबांसमोर बोलायची कोणाची टाप नव्हती. ते मला काऱ्याच्या पलीकडे बसवायचे, आणि पाखरू आलं की हातानं खूण करायचे, आता तू.

मग माझं लग्न पवनीला ठरलं. आंदणात काय काय द्यायचं यावर घरात बोलणं चाललं होतं, भांडी, गादी, एक गाय. मोठेबाबा म्हणाले, कुत्रा. मायला वाटलं थट्टा आहे. लग्नाच्या दिवशी त्यांनी स्वतः काऱ्याला आंघोळ घातली, गळ्यात हळदीचा धागा बांधला आणि साऱ्या वऱ्हाडादेखत माझ्या सासऱ्यांच्या हातात दोरी दिली. सासरे गोंधळले, आंदणात कोणी कुत्रा देते काय म्हणाले. मोठेबाबांनी त्यांना सांगितलं की भांडी नाही नेली तरी चालंन, पण हा न्या. काऱ्या पवनीला माझ्यासोबत आला, नदीकाठच्या आमच्या शेतावर म्हातारा होऊन मेला, आणि मरेपर्यंत माझ्या गोफणीवर उठायचा.

पहिल्या संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा मायनं मला एक गोष्ट सांगितली. नुकत्याच सरलेल्या मार्गशीर्षात मोठेबाबांनी बंदूक खुंटीवरून काढलीच नव्हती. सकाळी तलावाच्या पारीवर नुसते जाऊन बसायचे आणि उन्हं वर आली की परत यायचे. गावातल्या माणसांनी विचारलं, काहून पाटील, यंदा बदकं नाही मारून राहिले? तर म्हणायचे, आमचा कुत्रा सासरी गेला ना.